एकतिसाव्या पानावरची फट

जवाहरनगर,
संक्रांतीनंतरचा मंगळवार

तीर्थरूप मामाजी,

गेलेल्या माणसाला तीर्थरूप लिहीत नाहीत, कैलासवासी लिहितात, हे मला ठाऊक आहे. पण हात सवयीने चालला आणि आता खोडावंसं वाटत नाही. तसाही खाडाखोड केलेला कागद तुम्ही कधी हातात धरला नाहीत. ‘पुन्हा लिहून आण’ म्हणायचात. आता पुन्हा लिहायला वेळ नाही.

तुम्हाला जाऊन वर्ष होऊन गेलं. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे गावी आलो होतो, तेव्हाही मी मनातल्या मनात तुमच्याशी काही बोलले नाही. पाहुण्यांचं जेवण, भांडी, आत्याबाईंचे दुखरे गुडघे, यातच दिवस गेला. आज लिहायला बसले आहे ते एका पानासाठी. काल तुमसरच्या छापखान्यातून माझे बाबा आले होते, तुमचे व्याही. पिशवीत तुमच्या बखरीची प्रुफं होती. साठ पानं जुळवून झाली, मामाजी. एकोणसाठ म्हणायला हवं. एकतिसावं पान कोरं आहे.

“मालक हातचे शिशाचे खिळे विकून राहिले,” बाबा म्हणाले. “नागपूरले ऑफसेट आलं, आता खिळे कोन जुळवते? महिना सरला का समदे खिळे वितळाले जातीन. त्याच्या आत पान दे, शकू. नाई तं एक पान कोरं ठेवून छापा लागन.”

बाबांना फार काही नको आहे. एका शब्दात फट ठेवायची की नाही, एवढंच सांगायचं आहे. तुमचे चिरंजीव दुसऱ्या पाळीला गेले आहेत. फॅक्टरीची बस गेली की क्वार्टरांच्या रांगेत संध्याकाळपर्यंत सामसूम असते. मी प्रुफं पुढ्यात घेऊन बसले आहे. ज्यांना विचारायचं ते तुम्ही, आणि तुमचं नि माझं याच फटीवरून बिनसलं होतं. आता कोणाला विचारू?

मला पाहायला तुम्ही आलात तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. आमचं घर म्हणजे छापखान्याच्या मागच्या दोन खोल्या. आईने सकाळपासून मला नटवून बसवलं होतं, आणि तुम्ही घराच्या दाराने न येता छापखान्यातून आलात. येता येता बाबांच्या खिळ्यांच्या खणांपाशी जे रमलात ते आतले पोहे गार झाले तरी येईनात. शेवटी आलात ते हातात जुळवलेल्या ओळीची पट्टी घेऊन. रांधता येतं का, शिवण येतं का, काही विचारलं नाहीत. पट्टी माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, “वाच.”

खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. पण मी त्या छापखान्यातच वाढले होते. मला उलटी अक्षरं आधी आली, सुलटी नंतर शाळेत. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची ओळ होती, ती मी घडाघडा वाचली. मुलगी आगाऊ दिसली म्हणून बाबा घाबरले. तुम्ही पट्टी त्यांना परत दिलीत आणि म्हणालात, “पोरगी उलटं वाचते. आमच्या घरी सुलट काईच नाई. जमन.”

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी तुमच्या घरी आले. तुमच्या चिरंजीवांना फॅक्टरीत लागून दोन वर्षं झाली होती, पण क्वार्टर मिळायचं होतं. ते इथे तिघांच्या खोलीत आणि मी गावी तुमच्याजवळ. शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. मधले दिवस मी काढले ते तुमच्या बखरीवर, हे त्यांना अजून खरं वाटत नाही.

कारण आपल्या घरची रीत तशी नव्हती. सुनेने सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणायचं, सासऱ्यापुढे पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. तुम्हाला पाणी हवं असलं की तुम्ही ओसरीवरून आत्याबाईंना हाक मारायचात, त्या मला सांगायच्या, मी तांब्या उंबऱ्यावर आणून ठेवायची. मी चार हातांवर उभी असले तरी हाक आत्याबाईंनाच. अशा घरात, लग्नाला महिना होतो न होतो, तुम्ही मोडीचा एक कागद उंबऱ्यावरून आत सरकवलात आणि भिंतीकडे बघत म्हणालात, “उलटं वाचनाऱ्याले हे बी जमाले पायजे.”

आत्याबाईंनी लगेच हरकत घेतली. “सून सासऱ्यासमोर बोलन का आता?”

“ते बोलत नाई, वाचते,” तुम्ही म्हणालात. “वाचनं म्हनजे बोलनं नव्हे.”

मामाजी, केवढी पळवाट काढलीत तुम्ही! गावात गुरुजी म्हणून चाळीस वर्षं काढलेला माणूस, आणि घरात रीत न मोडता ती अशी वाकवलीत. तुम्ही ओसरीवर, मी दाराच्या आत भिंतीला टेकून, मध्ये उंबरा आणि उंबऱ्यावर कागद. दुपारी जेवणाआधी आपली शाळा भरायची. मोडीत आधी एक लांब आडवी रेघ ओढतात आणि मग टाक न उचलता खाली अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठे संपला ते लिहिणारा सांगत नाही. वाचणाऱ्याने ते आपल्या अकलेने तोडायचं. अक्षर अडलं की मी थांबायची. तुम्ही भिंतीला सांगायचात, “थो ‘स’ नाई, ‘म’ हाय. पोटाकडं पाह्य त्याच्या.”

चार वर्षं आपण असे बोललो. आणि मी किती लबाडी करायची, आठवतं? आत्याबाई आतून भात वाढल्याची खूण करायच्या, आणि मला तर तुम्हाला सांगायची सोय नव्हती. मग मी बखरीच्याच सुरात वाचायची, “येणेप्रमाणे राजा मुक्कामास आला आणि भात निवोन राहिला.” पहिल्यांदा तुम्ही कागद मागून घेतलात आणि ती ओळ शोधू लागलात. मग हसलात ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. तसं हसणं मी पुन्हा कोणाचं ऐकलं नाही.

बखर लाल रुमालात बांधलेली होती. मोडीची साठ पानं, पहिलं पान वाळवीने खाल्लेलं. म्हणजे नेमकं राजाचं नाव गेलेलं. त्या नावावर तुम्ही किती वर्षं घालवलीत! एका पावसाळ्यात तो देवगडचा गोंड होता, दुसऱ्यात चांद्याचा, आणि मला मुलगा झाला त्या वर्षी तो नागपूरचा झाला. बपेऱ्याला कोणाकडे दुसरी नक्कल आहे असं ऐकून तुम्ही ऊन डोक्यावर घेऊन गेलात आणि संध्याकाळी काखेत एक कोहळं घेऊन परत आलात. नक्कल म्हणजे जुनं पंचांग निघालं होतं. कोहळं त्यांनी तुमचं मन राखायला दिलं असेल. आत्याबाईंनी चार दिवस त्याची भाजी केली आणि प्रत्येक वेळी वाढताना म्हणाल्या, “घ्या, बखर घ्या.”

पण मला सगळ्यात गोडी होती ती तुमच्या छापखान्याच्या गोष्टींची. मी छापखान्यात वाढले आणि मला वाटायचं, पुस्तकं अशीच असतात, जगाच्या आरंभापासून. तुम्ही सांगितलंत की मराठीतली अगदी पहिली पुस्तकं इकडे नाहीच, पार बंगालात छापली. तिथे आपले खिळे पाडले, बाळबोध लिपीचेही आणि मोडीचेही. आणि त्या पहिल्यावहिल्या पुस्तकांत एका राजघराण्याची वंशावळ होती ती आपल्या नागपूरची. ती छापायला मदत करणारा पंडितही इकडचाच. हे सांगताना तुम्ही असे ताठ बसायचात, जणू तुमचा मामाच बंगालात गेला होता. दक्षिणेतल्या एका मराठी राजाने वाड्यातच छापखाना घातला, तेही तुमच्याकडूनच ऐकलं. छापायच्या शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला शिवत नव्हते, मग कोणी तुपात शाई कालवली. मी विचारलं होतं, म्हणजे बखरीच्या सुरात वाचलं होतं, “त्या पोथीस मुंग्या लागल्या किंवा कैसे?”

एक दिवस तुम्ही तुमची दगडावर छापलेली जुनी पोथी उंबऱ्यावर ठेवलीत. शिळाछाप. त्यातही शब्द एकमेकांना चिकटलेले, हस्तलिखितासारखे. तुम्ही म्हणालात, “दगडाले काई फरक पडत नाई, जसं लिवलं तसं छापते. खिळे आले तवा मानसाले ठरवा लागलं, कोनता शब्द कोठं सरते. बारीक फट हाय, पन ते कोनाच्या तरी मनातून येते.” मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. फटीचे कोरे खिळे मी लहानपणी खेळायला घेत होते.

आता एकतिसाव्या पानाचं बोलते.

त्या पानावर राजा आपल्या गावचं नवं तळं पाहायला येतो. आपण कोहळी. तळी खोदणारे, त्यांचे बांध, म्हणजे पाळी, घालणारे, कुठल्याशा राजाने या झाडीत आणून वसवलेले. बखरीत आपलं नाव एकदाच येतं, ते तिथे. मूळ मोडीतली ओळ अशी आहे, मी तेव्हा उतरवून घेतलेली माझ्यासमोर आहे: राजापुसेतळेकोणाचेकोहळीनबोलेपाणीपिईलत्याचे.

तुम्ही ती अशी वाचायचात. राजा पुसे, तळे कोणाचे? कोहळी न बोले. पाणी पिईल त्याचे. म्हणजे राजाने विचारलं, तळं कोणाचं. कोहळी हात जोडून उभा, मी बांधलं असं तो म्हणाला नाही. ते पाहून राजा प्रसन्न झाला आणि स्वतःच म्हणाला, जो पाणी पिईल त्याचं. दर वर्षी चौथीच्या मुलांना तुम्ही तळ्याच्या पाळीवर नेऊन हे सांगत होतात. तुमच्या चिरंजीवांनाही हे पाठ आहे. आपल्या घरात कोणी मोठ्याने स्वतःचं कौतुक केलं की तुम्ही एवढंच म्हणायचात, “कोहळी न बोले.” पोरं गप्प व्हायची.

मीही तसंच वाचत होते. पाळीवरचे आंबे तोडले त्या दिवसापर्यंत.

कोणी साहेब जीपमधून आले, कागद दाखवला, आणि माणसं कुऱ्हाडी घेऊन आंब्यांकडे गेली. सगळं गाव पाळीवर जमलं आणि सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही गुरुजी. तुम्ही कागद वाचू शकत होतात, साहेबाशी त्याच्या भाषेत बोलू शकत होतात. तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. मी बायकांमध्ये मागे होते, पदराआडून तुमचीच पाठ बघत. सात आंबे पडले, मामाजी. संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. तुमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुमी एक शब्द तं बोलाचा होता.” तुम्ही नेहमीचंच म्हणालात, “कोहळी न बोले.”

त्या दिवशी मला ते पहिल्यांदा टोचलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेतावर गेल्यावर मी रुमाल सोडला आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मला तुमचा राग आला होता, हे कबूल करते. रागात वाचलेलं खरं असतं का? कोण जाणे. पण तुम्हीच शिकवलं होतं की एखादं अक्षर अडलं तर त्याच लेखकाने ते दुसरीकडे कसं काढलं ते बघ. मी बघितलं. ‘नाही’ म्हणायचं असलं की आपल्या बखरीचा लेखक ‘ना’ मागे लावतो. सरदार बोलेना. घोडा चालेना. किल्लेदार दार उघडीना. सहा जागा सापडल्या आणि सहाही जागी ‘ना’ मागेच. कोहळी गप्प राहिला असता तर त्याने लिहिलं असतं, कोहळी बोलेना. मग हा ‘न’ तोडायचा कशाला? तो मागच्या शब्दाचाच आहे. राजा पुसे, तळे कोणाचे? कोहळीन बोले, पाणी पिईल त्याचे.

कोहळी गप्प नव्हता. कोहळीन बोलली. आपल्यातली कोणी एक बाई राजासमोर उभी राहून म्हणाली, जो पाणी पिईल त्याचं.  आत्याबाई परसात वाल सोलत होत्या आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

तुम्हाला तेव्हाच, आपल्या दुपारच्या शाळेत सांगितलं असतं तर? ‘येणेप्रमाणे सून अर्ज करिते’ म्हणून हळूच वाचलं असतं तर तुम्ही हसला असतात, वाद घातला असतात, आठ दिवस माझ्याशी भिंतीमार्फत भांडला असतात. मी तेच करणार होते. आधी सगळ्या जागा नीट उतरवून काढाव्या म्हणून थांबले. आणि त्या आठवड्यातच नागपूरचे ते प्राध्यापक आले.

त्यांच्यासाठी तुम्ही धुतलेलं धोतर नेसला होतात. ते ओसरीवर बसले, रुमाल सुटला, तुम्ही एकतिसावं पान काढलंत. तुमचं सगळ्यात लाडकं पान. वाचून दाखवलंत, कोहळी न बोले. मी चहा घेऊन उंबऱ्यावर आले होते. कपबशा ठेवून आत वळायचं होतं मला. मी वळले नाही.

“न बोले नाई, मामाजी,” मी म्हणाले. “कोहळीन बोले.”

मी तुमच्यासमोर माझ्या स्वतःच्या आवाजात बोललेलं ते पहिलं वाक्य. चार वर्षांत पहिलं. आणि तेही पाहुण्यासमोर, तुम्हाला खोडायला. प्राध्यापकांनी कागद जवळ घेतला, मला विचारलं, असं का म्हणता, आणि मी सहाच्या सहा जागा सांगितल्या. पदर मागे गेला होता ते मला नंतर कळलं. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, “गुरुजी, सूनबाईंनी तुमची विकेट काढली.”

ते कौतुकाने म्हणाले. पण तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही पानं गोळा केलीत, एकावर एक नीट लावलीत आणि शांतपणे म्हणालात, “बखरीत बाई आली तं राणी असते, नाई तं सती. बिननावाची बाई बखरीत नसते.” मला म्हणायचं होतं की कोहळ्याला तरी कुठे नाव आहे, आपल्या राजालासुद्धा नाही. नशीब, तेवढं तरी गिळलं. तुम्ही रुमालाची गाठ मारलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीला टेकून बसले. उंबऱ्यावर कागद आला नाही.

आठ महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आधीही कुठे बोलत होतात, असं कोणी म्हणेल. पाण्याची हाक पूर्वीसारखीच आत्याबाईंना. बाहेरून बघणाऱ्याला घरात काही बदललेलं दिसलं नसतं. मला मात्र दुपार खायला उठायची. माझं वाचणं बरोबर होतं, मामाजी, ते मी आजही म्हणते. चुकलं ते चहाचे कप हातात असताना बोलले ते. तुमचा मान मी तुमच्याच ओसरीवर, परक्या माणसासमोर उतरवला. त्याची माफी मी मागितली नाही, कारण मागायला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं. आणि तुम्ही तरी किती ताणलंत! सत्तरीचा माणूस, सुनेवर आठ महिने रुसतो?

मग क्वार्टर मिळालं. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा तुम्ही तळ्याकडे निघून गेला होतात. मी तुमच्या पाया पडले नाही, तुम्ही नव्हताच. इथे आल्यावर तुमची पोस्टकार्डं यायची ती चिरंजीवांच्या नावावर. धान किती झालं, म्हैस व्याली, आणि शेवटी, सौ. शकूस आशीर्वाद. मी तेवढीच ओळ वाचायची. त्यात वाचण्यासारखं दुसरं काही आहे का बघत.

दोन वर्षांनी एका कार्डात माझ्यासाठी वेगळी ओळ आली. ‘बखर छापावी म्हणतो. बाळबोध करून पानं पाठवतो, शकूने तपासावी. पान ३१ सोडून.’

मामाजी, त्या ‘सोडून’ने मला किती रडवलं ते तुमच्या चिरंजीवांना विचारा. आणि तरी मी आनंदात होते. आपल्या गावचे दोघं फॅक्टरीत होते, ते गावी जाऊन आले की त्यांच्या पिशवीतून चार-पाच पानं यायची. तुमचं ते वळणदार अक्षर. मी तपासून परत पाठवायची, समासात बारीक पेन्सिलीने. तुम्ही माझी पेन्सिल पुसून त्यावर शाईने लिहायचात, म्हणजे मान्य. कधी पेन्सिल तशीच ठेवायचात, म्हणजे अमान्य. पुन्हा शाळा भरू लागली होती. मध्ये उंबऱ्याऐवजी भंडारा-तुमसर रस्ता होता, एवढंच. आपण तिसाव्या पानापर्यंत आलो आणि बत्तिसाव्यावर गेलो. तुम्हीही काही बोलला नाहीत, मीही नाही.

मला वाटायचं, सगळी पानं झाली की शेवटी ते येईल. तेव्हा मी गावी येईन, उंबऱ्यावर बसेन आणि आपण ते भांडून मिटवू. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. तुम्ही मार्गशीर्षात गेलात, धान चुरायचं चाललं होतं तेव्हा, खळ्यावर बसल्या बसल्या. आम्ही पोचलो तेव्हा तुम्हाला ओसरीवर ठेवलं होतं. सगळ्या बायका मोठ्याने रडत होत्या. मी उंबऱ्याच्या आत, माझ्या जागी भिंतीला टेकून बसले.

दिवस झाल्यावर मी तुमची पेटी उघडली. खरं सांगते, मी एकच गोष्ट शोधत होते. तुम्ही कुठेतरी, कोणत्यातरी चिठोऱ्यावर, ‘शकूचं बरोबर’ असं लिहिलं असेल. वह्या पाहिल्या, बिलांच्या पाठी पाहिल्या, पंचांगाचे समास पाहिले. कुठेच नाही. एकतिसाव्या पानाचा बाळबोध कागद मिळाला. ‘राजा पुसे, तळे कोणाचे? कोहळी’ इथवर लिहिलेलं. पुढे शाईचा एक ठिपका, टाक टेकवून ठेवला की पडतो तसा. त्याखाली कागद मोकळा.

त्या ठिपक्याकडे मी वर्षभर बघते आहे. तिथे तुमचा हात थांबला, एवढं दिसतं. तुम्ही डगमगला होतात का? की कोणी हाक मारली म्हणून उठलात? मला हवं ते मी त्यात वाचू शकते. पण लिहिलेलं नाही ते वाचायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून मी असं धरते की तुम्ही शेवटपर्यंत तुमच्या वाचण्यावर होतात. तसेच होतात तुम्ही.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना विचारलं. त्यांना अक्षर येत नाही, पण ही ओळ त्यांनी तुमच्या तोंडून हजारदा ऐकलेली. मी दोन्ही अर्थ सांगितले आणि म्हटलं, तुम्हाला कोणता खरा वाटतो? त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातला एक खडा त्यांनी वेचून बाहेर टाकला. मला वाटलं ऐकलंच नाही.

“पन्नास वरसं हे बखर या घरात वाचून राहिले,” त्या म्हणाल्या. “मले आज पयल्यांदा इचारलं.”

“मग सांगा ना.”

“राजा बाईच्या बी गावात आलता ना? का मानूस एकटाच राहे थ्या गावात?” त्यांनी सूप पाखडलं. “तुमा दोघाच्या भांडनात थे बिचारी उभीच हाय अजून.”



काल बाबांना मी म्हटलं, ती ओळ मोडीसारखी जोडूनच लावा, फट कुठेच नको, वाचणारा तोडेल आपल्या मनाने. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तोडन तं,” ते म्हणाले. “पन मंग तू काय केलं?” बाबांचं खरं होतं. ती पळवाट होती, आणि तुमच्या उंबऱ्यावरच्या पळवाटेइतकी प्रेमाचीही नव्हती.

अडचण एवढीच आहे की पुस्तकावर नाव तुमचं आहे. पहिल्या पानावर, मोठ्या खिळ्यांत, बाबांनी जीव लावून जुळवलं आहे. तुमच्या नावाखाली मी माझा पाठ छापला तर मेलेल्या माणसाच्या तोंडी मी शब्द घातला. तुमचा छापला तर त्या बाईचं तोंड मी बंद केलं, आणि खिळ्यांनी बंद केलेलं पुन्हा सहज उघडत नाही. गावातली पोरं पुढे तेच वाचतील. माझी मुलगी तेच वाचेल. ती पाच वर्षांची आहे, तुम्ही तिला खांद्यावर घेऊन तळं दाखवलं होतं. ती कशी बोलते ते तुम्ही ऐकायला हवं होतं. थांबतच नाही.

तर मी असं ठरवलं आहे. उद्या सकाळच्या गाडीने तुमसरला जाते. एकतिसावं पान मी माझ्या हाताने जुळवीन, बाबांना खिळ्याला हात लावू देणार नाही. वर ओळीत ‘कोहळीन’ जोडून येईल. खाली टीप येईल, त्यात तुमचा पाठ पूर्ण छापीन, तुमच्या अर्थासकट, एक अक्षर न गाळता, आणि संपादकांचं, म्हणजे तुमचं, मत शेवटपर्यंत हेच होतं असंही. त्याखाली लिहीन की वरच्या पाठाची जबाबदारी त्यांची नाही, ती त्यांच्या सुनेची आहे. आणि तिथे माझं नाव घालीन. सौभाग्यवती नाही, अमक्याची पत्नी नाही, नुसतं शकुंतला. दोष द्यायचा तर लोकांना माणूस सापडला पाहिजे.

तुम्हाला हे आवडणार नाही. पहिल्या प्रतीला हळदकुंकू लावून मी गावी घेऊन येईन आणि एकतिसावं पान उघडून उंबऱ्यावर ठेवीन, हे वचन देते. तुमचा राग मला कळेल. चष्मा काढून भिंतीकडे बघत तुम्ही काय काय म्हणाल ते मला आत्ताच ऐकू यायला हवं होतं, आणि येत नाही. वर्षभर प्रयत्न करते आहे, मामाजी, तुमचा आवाज आठवत नाही मला. शब्द आठवतात, आवाज नाही.

म्हणून सांगते, हवं तेवढं रागवा. पण बोला.

तुमची सून,
शकुंतला